नकार द्या, पण कळवा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या पंधरवड्यात कळव्याच्या एका तरुण वाचकाचं पत्र आलं होतं. सहा-सात ओळींचं. तीन वर्षांत पाच कथा दिवाळी अंकांना आणि मासिकांना पाठवल्या, एकीचंही उत्तर आलं नाही, आता वही बंद करतोय, असं त्यानं लिहिलं होतं. त्यावर परवाच्या रविवारी तीन उत्तरं छापून आली. एकांनी लिहिलंय, खरा लेखक असा खचत नाही. दुसऱ्यांनी चिकाटीसाठी कोळ्याच्या जाळ्याचा दाखला दिलाय. तिसऱ्या बाईंनी पहाटे उठून मन प्रसन्न ठेवायला सांगितलंय. तिघांचाही हेतू चांगला आहे. पण त्या मुलाला जे झालंय ते मला झालेलं आहे, आणि तेव्हा यातलं काहीही माझ्या उपयोगी पडलं नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर माझी हकिगत कापा, शेवटची मागणी ठेवा.

मी कोपरखैरण्याला राहते. वडील माथाडी कामगार. जावळी तालुक्यातून आले, मशीद बंदरला पोती वाहिली आणि बाजार वाशीला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. मी गेली २६ वर्षं मसाला मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहिते. शेठना दर दिवाळीला पूजेसाठी लाल कापडाची नवी चोपडी लागते. पूर्वी वर्षभराचा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, त्यातच असायचा. हिशेबाला संगणकावर टॅली आल्यापासून पहिल्या पानावर स्वस्तिक आणि शुभ-लाभ एवढंच येतं, बाकी पानं कोरी राहतात. २००५ च्या पाडव्याला शेठनी आदल्या वर्षीची कोरी चोपडी माझ्या हातात ठेवली. पोरीला रेघोट्या मारायला दे, म्हणाले. पोरगी दोन वर्षांची होती. त्या चोपडीत मी माझी पहिली कथा लिहिली.

त्या आणि पुढच्या दोन कथांमध्ये पुण्यातला एक वाडा होता. माजघर, झोपाळा, निवृत्त प्राध्यापक, परदेशातून येणारी त्यांची मुलगी. यातलं काहीच मी जवळून पाहिलेलं नव्हतं. कथा म्हणजे असंच काहीतरी असतं, एवढंच वाचनातून मनात बसलेलं. तेव्हा कथा टपालानं जायची. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, म्हणजे नापसंत झाली तर साभार परत येईल. पहिल्या दोन तशा आल्या, छापील चिठ्ठीसह. तिसरी २००७ च्या पावसात आली. पाकीट ओलं झालेलं, कडेनं शाई पसरलेली. ते मी गाळ्यातच फोडलं. हमाल जेवायला गेले होते आणि मागे जिऱ्याच्या पोत्यांची थप्पी छतापर्यंत लागलेली होती. आत छापील चिठ्ठी नव्हती. माझ्याच पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं तीन वाक्यं होती: पाकिटाला धण्यांचा वास आहे. कथेत तो कुठेच नाही. तो कुठून आला, ते लिहा.

खाली सहीसुद्धा नव्हती. कुणी लिहिलं ते मला आजही माहीत नाही. दोन दिवस मला ते फार लागलं. आपल्या कागदांना धण्यांचा वास येतो हे कुणीतरी परक्यानं सांगावं याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मी चोपडी उघडली आणि आमच्या बाजारातल्या एका मापाड्याची गोष्ट सुरू केली. डोळे अधू होत चाललेत, इलेक्ट्रॉनिक काटा आलाय, आणि तो आकडा न बघता पोत्याला हात लावून वजन सांगतो. ती कथा पुढच्या वर्षी एका लहानशा दिवाळी अंकात आली. मानधन नव्हतं, दोन लेखकप्रती मिळाल्या. एक आबांना, म्हणजे वडिलांना, दिली. त्यांनी ओळीखाली बोट धरून चार दिवसांत वाचली आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे गं, पण मापाडी काट्यापाशी असा उभा राहत नाही. डावा पाय मागं असतो त्याचा." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. डावा पाय मागेच असतो.

हे सविस्तर सांगितलं, कारण मला मिळालेला सगळ्यात मोठा आधार हा एक नकार होता. कौतुकानं मला असं कधी उभं केलं नाही. उलट २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात ८४ वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी रोज जात होते. ग्रंथप्रदर्शनात फिरत होते, भाषणं ऐकत होते. शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीनं घरी येताना ठरवून टाकलं की कादंबरी लिहायची. आठवड्यात ४० पानं झाली. सोळाव्या पानापासूनच ती घसरत गेलेली होती, पण त्या भरात दिसलं नाही. जानेवारी संपता संपता ती पानं वाचवेनात. पुढचे तीन महिने मी चोपडीला हात लावला नाही. लिहिणाऱ्याला पडत्या काळात कसं सावरायचं यावर सगळे बोलतात. माझा अनुभव असा की चढत्या काळालाही जपावं लागतं. तेव्हा माणूस शक्तीबाहेरचं बोलून बसतो आणि नंतर तो वायदा पुरा झाला नाही म्हणून स्वतःवरच रुसतो.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, आणि कळव्याच्या त्या मुलाला ती मनापासून सांगावीशी वाटते. मी लिहिण्याचा रोजमेळ ठेवायला लागले. चोपडीच्या मागच्या बाजूनं. तारीख, किती ओळी, कुठे थांबले, उद्याचं पहिलं वाक्य काय. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी कसं वाटलं ते दोन-तीन शब्दांत. ज्या दिवशी एक ओळही होत नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, पण तारीख सोडायची नाही. पेढीवर एका पैशाची उलाढाल झाली नाही तरी आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक लिहितातच ना, तसं. माझी वेळ रात्री सव्वादहा ते अकरा. भांडी झाली की ओट्यापाशीच बसते. ओळी साधारण आठ ते पंधरा. त्याहून जास्त सुचलं तर मुद्दाम थांबते, चालू वाक्य अर्धं ठेवून. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्यच मला आत ओढून घेतं. कोऱ्या पानापुढे बसायची वेळ येत नाही.

या रोजमेळाचा खरा उपयोग दोन वर्षांनी कळला. एका कथेत अडकले होते. रात्री वाटलं, हे सगळं खोटं आहे, फाडून टाकावं. रकान्यात 'फाडावी' असं लिहिलंसुद्धा. मग सहज मागची पानं चाळली. आधीच्या सात कथांपैकी सहांमध्ये तोच शब्द किंवा त्याचाच भाऊबंद सापडला: 'टाकावी', 'जमत नाही', 'पुरे'. आणि प्रत्येक वेळी नवव्या ते अकराव्या पानाच्या आसपास. म्हणजे माणसं आणून ठेवून झालेली असतात, सुरुवातीची ओढ संपलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो, बरोबर त्या जागी. त्या सहांपैकी चार कथा पुढे छापून आल्या होत्या. इतकी वर्षं मी त्या रात्रीच्या मनःस्थितीला कथेबद्दलचं मत समजत होते. तेव्हापासून नववं पान आलं की मी स्वतःला सांगते, आता चार-पाच दिवस असंच वाटणार आहे, ओळी कमी लिही पण बस. आबा म्हणायचे, पोत्याचं वजन तेवढंच असतं, डोक्यावरची चुंबळ सरकली की तेच दुप्पट लागतं. पोतं टाकायचं नाही, जागेवर थांबून चुंबळ नीट करून घ्यायची. माझ्यासाठी तो रोजमेळ म्हणजे चुंबळ.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग या बाईला आता काही अडचण नाही. तसं नाही. पुढे जे सांगतेय ते सांगायला मला बराच विचार करावा लागला.

२०१३ च्या जूनमध्ये मी एका दिवाळी अंकाला एक कथा पाठवली. आबांच्या मशीद बंदरच्या दिवसांवरची. तोवर सगळं ईमेलवर आलं होतं. 'मिळाली' एवढं उत्तर आलं. नंतर काही नाही. दिवाळीत अंक निघाला तेव्हा स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका पाहिली. कथा नव्हती. फोन केला तर म्हणाले, चांगली आहे, पुढच्या वर्षासाठी ठेवलीय. २०१४ च्या अंकातही नव्हती. पुन्हा फोन, पुन्हा 'बघतो'. आबा तेव्हा आजारी होते. दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचे, "आपली गोष्ट आली का?" मी म्हणायचे, येईल. २०१५ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्या उन्हाळ्यात मी शेवटचा फोन केला, तेव्हा कळलं की अशी कथा त्यांच्याकडे सापडत नाही.

त्या अंकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिथलीही माणसं दिवसभर नोकरी करून, पदरचे पैसे घालून, जाहिरातींसाठी दारोदार फिरून अंक काढत असणार, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या चोपडीत त्यानंतर १४ महिने शून्य आहे. एकाखाली एक. मापाड्याच्या कथेआधी तीन नकार आले होते आणि मी लिहीत राहिले. इथे कुणी नकार दिलाच नव्हता आणि मी थांबले. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर नकार आला की खातं बंद होतं. रक्कम बुडाली असं लिहिता येतं आणि पुढचा व्यवहार करता येतो. उत्तरच नसेल तर ते वर्षानुवर्षं 'येणे' म्हणून पुढे ओढत न्यावं लागतं. प्रत्येक दिवाळीला ते तसंच दिसतं.

त्या १४ महिन्यांत मी एवढंच करत होते: महिन्यातून एखाद्या रविवारी ठाण्याची गाडी पकडायची, वीसेक मिनिटांत ठाणे, आणि मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन वाचत बसायचं. १८९३ पासून चालत आलेली संस्था. तिथे गेलं की आपल्या कथेचं काय झालं याचा तेवढ्यापुरता विसर पडायचा. वाचन थांबवलं नाही, हे माझं नशीब.

लिहिणं परत सुरू झालं ते एका पावसाळ्यात. आमच्या गाळ्याच्या माळ्यावर मिरचीचे देठ मोडायला बायका येतात. हाताची आग होऊ नये म्हणून बोटांना तेल लावून बसतात, नाकातोंडावर पदर. एके दुपारी वीज गेली, काम थांबलं. त्यातल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, त्या चोपडीत काय लिवता ओ तुमी?" मी एक अर्धवट पडलेली कथा काढली आणि मोबाइलच्या उजेडात वाचली. नवऱ्यापासून लपवून रात्रशाळेत जाणाऱ्या एका बाईची होती. वाचून संपलं तेव्हा कुणी काहीच बोललं नाही, वीज आली, सगळ्या कामाला लागल्या. मला वाटलं, नाही पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच मावशींनी अडवलं. "मग तिनं नवऱ्याला सांगितलं का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या रात्री ११ ओळी झाल्या. पुढचे १९ दिवस मी रोज रात्री लिहिलं आणि रोज दुपारी वाचलं. मावशी मधूनच म्हणायच्या, "हितं कंटाळा आला बघा," आणि तिथे खरंच कथा ढिली पडलेली असायची. ती कथा नंतर छापून आली, मावशींना प्रतही दिली. पण मला लिहितं केलं ते त्या जिन्यातल्या प्रश्नानं. पुढे काय होतं याची कुणीतरी एक माणूस वाट पाहतंय, एवढं पुरलं.

आता मागणी.

'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून मराठीत नवा लिहिणारा वाचकांपुढे येतो तो बहुतेक दिवाळी अंकातून. बाकी भाषांतल्या लोकांना आपल्या या परंपरेचं अप्रूप वाटतं, मलाही तिचा अभिमान आहे. पण तिचं वेळापत्रक बघा. साहित्य मागवतात मे-जूनमध्ये, अंक येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठवायची हा संकेत, आणि तो योग्यच आहे. मग उत्तर आलं नाही तर ती कथा पाच-सहा महिने अडकते. दिवाळीनंतर मोकळी झाली तरी पुढचं आवाहन पुढच्या मे महिन्यात. दोन अंकांनी मौन पाळलं की एका कथेची दोन वर्षं गेली. कळव्याच्या मुलाच्या तीन वर्षांत पाच कथा गेल्या, त्या अशाच गेल्या असणार. त्याची कथा चांगली की वाईट, हे अजून कुणी त्याला सांगितलेलंच नाही.

माझ्या चोपडीत आजपर्यंत ४३ वेळा कथा पाठवल्याची नोंद आहे. ९ वेळा होकार, १२ वेळा नकार, २२ वेळा काहीच नाही. त्या २२ मध्ये सुरुवातीची टपालाच्या काळातली एकही नाही. तेव्हा तिकीट लावलेलं पाकीट संपादकांच्या टेबलावर पडलेलं असायचं, ते परत करणं भाग पडायचं. ईमेल आला आणि ते पाकीट गेलं. उत्तर पाठवायला तर आता एक रुपयाही लागत नाही.

म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत सगळ्या संपादकांना हात जोडून विनंती आहे. सूचना, कारणं, मार्गदर्शन, काही नको. तेवढा वेळ कुणाकडे नसतो, हे मान्य. फक्त आवाहन छापताना एक तारीख छापा: अमुक तारखेपर्यंत होकार न आल्यास कथा अन्यत्र पाठवण्यास लेखक मोकळा आहे. आणि जमलं तर सगळ्या नापसंत कथांच्या लेखकांना मिळून एकच ओळ पाठवा: या वर्षी घेता आली नाही. काही अंक हे आजही नेमानं करतात, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. आपल्या रविवार पुरवणीनंही ही तारीख छापायला सुरुवात करावी. आपण छापलीत तर बाकीचेही छापतील असं मला वाटतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या पेढीवर मीच पेढे वाटले होते. त्या दर्जासाठी जुन्या ग्रंथांचे पुरावे जमवायला कितीतरी लोकांनी वर्षं घातली. पुढचे ग्रंथ ज्यांनी लिहायचे त्यांना एका ओळीचं उत्तर मिळावं, एवढंच मी मागतेय.

राहिला तो मुलगा. त्याचं नाव-पत्ता आपल्या कार्यालयात असेल. त्याला एवढं कळवाल का? आम्ही चौघं जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ठाण्याला मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर भेटतो, सकाळी साडेसातला. एक रिक्षाचालक आहेत, एक निवृत्त परिचारिका, एक कॉलेजची मुलगी आणि मी. प्रत्येकानं दोन पानं आणायची आणि वाचायची. बाकीच्यांनी आधी एवढंच सांगायचं की कुठे कंटाळा आला आणि पुढचं कुठे ऐकावंसं वाटलं. हा नियम मावशींचा. चांगलं-वाईट त्यानंतर, तेही चहा घेताना. कळव्याहून ठाणे एकच स्टेशन आहे. बंद केलेली वही घेऊन यावं, नवीन काही लिहून आणायची गरज नाही. पाचांपैकी कोणतीही एक कथा चालेल. ऐकायला आम्ही चौघं आहोत, आणि पुढे काय झालं ते आम्ही नक्की विचारू.

माझ्या येण्यात आज दोन कथा आहेत. एक ९ जूनपासून, एक जुलैच्या २ तारखेपासून. काल रात्री १२ ओळी झाल्या. आज हे पत्र लिहिण्यात वेळ गेला, तेव्हा रकान्यात शून्य पडेल. उद्याचं पहिलं वाक्य मात्र लिहून ठेवलंय.

आपली नम्र,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई